मतदारयादीतलं गाव

विट्याच्या आसपासच्या कुठल्याही गावात जाऊन पोरगा काय करतो म्हणून विचारा, एक उत्तर हमखास कानावर येतं: "गलाईत हाय." गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देण्याचा धंदा. खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पलीकडे साताऱ्यातले माण-खटाव या पट्ट्यातली माणसं पिढ्यानपिढ्या या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. कोइमतूर, मदुराई, विजयवाडा, कानपूर, कोलकाता. सराफ कट्टा असलेल्या गावात बहुतेक वेळा इकडचा कुणीतरी भट्टी मांडून बसलेला असतो.

मी कृष्णाकाठची. आमच्याकडे ऊस, साखर कारखाना, सोसायटी यांभोवती राजकारण फिरतं आणि माणूस गावात असतो. तासिका तत्त्वावर शिकवताना वर्गात खानापूर-आटपाडीची मुलं भेटली. त्यातल्या अनेकांचे वडील वर्षातून दोनदा घरी येणारे. यात्रेला आणि दिवाळीला. निवडणूक असेल तर तिसऱ्यांदा. राज्यशास्त्राच्या तासाला ग्रामसभा शिकवत होते तेव्हा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आमच्या गावात मतदान करणारे आणि ग्रामसभेला बसणारे वेगळेच असतात, ते चालतं का?" माझ्या पीएच.डी.चा विषय तिथं ठरला: गलाईसाठी बाहेर गेलेल्यांचा गावच्या राजकारणातला सहभाग.

विषय ठरण्याआधीची प्रक्रिया थोडक्यात सांगते, कारण ती आता बऱ्याच जणांना माहीत आहे. मी 2018 साली नोंदणी केली तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2016 चे नियम लागू होते. प्रवेश परीक्षा, मग मुलाखत, मग कोर्सवर्क, दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल. किमान तीन वर्षं, कमाल सहा, महिलांना दोन वर्षांची जादा सवलत. प्रबंध द्यायच्या आधी मान्यताप्राप्त नियतकालिकात एक शोधनिबंध आणि परिषदांमध्ये दोन सादरीकरणं सक्तीची होती. 2022 च्या नियमांनी ही सक्ती काढली, आणि ते चांगलं झालं असं मला मनापासून वाटतं. पैसे भरून निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचं जे पीक आलं होतं, त्याला खतपाणी या सक्तीनंच घातलं. कोर्सवर्क मात्र कुणी हलक्यात घेऊ नये. संशोधन पद्धतीच्या त्या तासांनाच मी पहिल्यांदा नमुना निवड नीट शिकले, आणि पुढं सगळी अडचण नेमकी तिथंच उभी राहिली.

समाजशास्त्रातलं सर्वेक्षण कुटुंब मोजून सुरू होतं. गावातली कुटुंबं मोजायची, त्यातून नमुना काढायचा, प्रश्नावली भरायची. पण मी अभ्यासाला निवडलेल्या दोन्ही गावांत कुटुंब मोजायचं कुठं? आई-वडील गावात, मोठा मुलगा बायको-पोरांसह मदुराईत, धाकटा त्याच्याच भट्टीवर, रेशनकार्ड एकच, चूल दोन राज्यांत. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये, म्हणजे घरपट्टीच्या आकारणी नोंदवहीत, एक घर. सातबाऱ्यावर पाच नावं. मतदारयादीत नऊ. प्रत्यक्ष उंबऱ्यात भेटणारी माणसं दोन. विद्यापीठाच्या संशोधन समितीतल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी सरळ विचारलं, "तुमची माणसं परराज्यात, मग अभ्यासक्षेत्र खानापूर तालुका कसं म्हणता?"

मार्गदर्शक सरांनी मला उत्तर दिलं नाही. ते म्हणाले, "हाच तुमचा प्रश्न आहे. गावचा कोण हे कोण ठरवतं, एवढंच शोधा. बाकी आपोआप येईल." त्यांचं हे एक वाक्य मी पुढची सगळी वर्षं धरून राहिले.

आधी कायदा वाचला. लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1950 मधली कलमं 19 आणि 20 यासाठी फार महत्त्वाची आहेत. मतदार म्हणून नाव यायला माणूस त्या मतदारसंघात 'सामान्यतः रहिवासी' लागतो. नुसतं घर मालकीचं आहे एवढ्यानं कुणी रहिवासी ठरत नाही. पण तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचं रहिवासीपण जातही नाही. आता वीस वर्षं कानपुरात राहून दर यात्रेला गावी येणारा माणूस तात्पुरता बाहेर आहे का? कायद्याच्या ओळी वाचून याचा निकाल लागत नाही. तो गावात लागतो, यादीवर हरकत घ्यायची की नाही हे ठरवणाऱ्या माणसांकडून. ग्रामपंचायतीची मतदारयादी विधानसभेच्या यादीवरूनच प्रभागवार फोडली जाते आणि ग्रामसभा म्हणजे त्या यादीतले सगळे मतदार. म्हणजे एका नावावर मत, ग्रामसभेतला हक्क आणि गावकीतलं स्थान, तिन्ही टांगलेलं असतं.

कागद मिळवणं हे वेगळं काम. एका ठिकाणी ग्रामसेवक भाऊसाहेबांनी कपाट उघडून सगळी प्रोसिडिंग बुकं, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या, समोर ठेवली, वर चहा मागवला. दुसऱ्या गावात महिनोन्‌महिने "पुढच्या सोमवारी या" चाललं. शेवटी 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज केला आणि प्रती न मागता अभिलेखाचं निरीक्षण मागितलं. संशोधन करणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे, निरीक्षण मागा. समोर बसून वही चाळताना कळतं की कुठल्या सभेच्या सह्या एकाच पेनानं झाल्यात, कुठं पान कोरं सोडलंय. झेरॉक्समध्ये ते दिसत नाही.

ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी कमी ती. सभा प्रामुख्यानं 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला. गलाईवाले घरी येतात ते यात्रेला आणि दिवाळीला. या तारखा आणि त्या तारखा एकमेकींना कधी भेटतच नाहीत. मी हजेरीच्या वह्या यादीशी ताडून पाहिल्या. वारंवार सभेला येणाऱ्यांची यादी केली तर ती म्हाताऱ्यांची, शेतकऱ्यांची आणि बचत गटाच्या बायकांची निघाली. पैसा पाठवणारी माणसं त्यात नव्हती. मग ती गावात निर्णय कुठं घेतात?

त्याचं उत्तर देवळात मिळालं. या भागात जीर्णोद्धार झालेल्या देवळांत देणगीदारांचे संगमरवरी फलक असतात. नाव, रक्कम आणि पुढं गावाचं नाव. आपल्या गावाचं नव्हे, जिथं भट्टी आहे त्या शहराचं. अमुक पाटील, मदुराई. तमुक जाधव, विजयवाडा. मी ते फलक उतरवून घेतले, वर्षवार लावले आणि कोण कुठल्या शहरात आधी गेला, मागून त्याच्याच आडनावाचे किती गेले याचा तक्ता केला. प्रबंधातलं तिसरं प्रकरण या फलकांवर उभं आहे. कामाला कुणी कुणाला नेलं याची साखळीही त्यातून उलगडली. आधी भावकी, मग सोयरे, मग आळीतली पोरं. माझ्या दोन गावांत तरी ज्या वस्तीला ही पहिली कडीच मिळाली नाही, ती वस्ती गलाईत फारशी शिरली नाही. त्या वस्तीतली माणसं ऊसतोडीला जातात, यंत्रमागावर जातात. दुष्काळ सगळ्यांवर सारखाच पडला, पण बाहेर पडायच्या वाटा जातीप्रमाणे वेगळ्या झाल्या. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची प्रभुजातीची, म्हणजे गावात वरचढ असलेल्या जातीची, संकल्पना आपण जमीन, संख्या आणि गावातलं वजन यांवर शिकवतो. इथं त्यात परगावच्या भट्टीचीही भर घालावी लागते, असं मी मांडलं.

मुलाखती सोप्या नव्हत्या. सोन्याचा धंदा, त्यात परकी बाई वही घेऊन दारात. आयकरवाली आहे का, पोलिसांकडून आली आहे का, ही शंका पहिल्या भेटीत प्रत्येक घरात आली. परराज्यातले पोलीस चोरीच्या सोन्याच्या तपासात कुणाच्या दारी येऊन गेलेले असतात आणि त्याची धास्ती सगळ्या गावाला असते. म्हणून मी सोन्याबद्दल काही विचारणार नाही हे आधीच सांगायची. किती कमावता हा प्रश्न प्रश्नावलीत ठेवलाच नाही. गावांची नावं प्रबंधात नाहीत, माणसांची नाहीत. संमतीपत्र मराठीत एका पानाचं केलं आणि सही घ्यायच्या आधी वाचून दाखवलं.

गंमत म्हणजे सोन्याबद्दल मी विचारलं नाही म्हणूनच एका घरातल्या आजोबांनी सगळं सांगितलं. कोइमतुरात उभं आयुष्य काढून परतलेले. अंगणात बसून हातवारे करत त्यांनी भट्टी डोळ्यांसमोर आणली. जुन्या दागिन्यात आधी चांदी मिसळून मुशीत वितळवायची, इतकी की सोन्याचा वाटा साधारण चौथा हिस्सा उरावा. तो रस पाण्यात ओतला की दाणे होतात. ते तेजाबात उकळायचे. चांदी आणि तांबं तेजाब खाऊन टाकतं, तळाला तपकिरी मातीसारखं जे उरतं ते सोनं. धुऊन, पुन्हा वितळवलं की पिवळं. तेजाबात गेलेली चांदीही सोडायची नाही. त्यात तांब्याची पट्टी बुडवली की ती पुन्हा खाली बसते. "आन् तांबडा धूर निघतो बघा, त्यो छातीत जातो," म्हणाले. बोलता बोलता दोनदा खोकल्यानं थांबले. 1963 साली सोने नियंत्रणाचे नियम आले, 1968 साली कायदा झाला आणि 1990 साली तो रद्द झाला, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्या काळात भट्टी कशी झाकून चालवायची, आणि गावाकडं मनीऑर्डर करताना रक्कम का तोडून पाठवायची, हे मी त्यांच्याकडून ऐकलं.

बायकांशी बोलताना मी बाई असल्याचा फायदा झाला. मतदारयादीची प्रत घेऊन मी एका काकींच्या ओसरीवर बसले आणि एकेक नाव वाचत गेले. त्या शेंगा फोडत सांगत होत्या. "ह्यो कानपूरला. ही त्याची बायको, तिकडंच. ह्यो मेला की गं, आजून नाव हाय व्हय? हिचं लगीन हून पाच वर्सं झाली, ती आता कराडची. ह्यो हितंच हाय, पण कुणाशी बोलत न्हाई." यादीच्या प्रत्येक पानाला अशी साक्ष मिळाली. माझं सर्वेक्षण मग यादीवरच बसवलं. घर मोजण्याऐवजी नाव धरायचं आणि ते माणूस कुठं आहे, कधी येतं, कुणामार्फत गावाशी बोलतं हे शोधायचं. आता कुटुंब दोन राज्यांत असलं तरी अडत नव्हतं.

याच ओसऱ्यांवर आणखी एक गोष्ट कळली. राज्यात ग्रामपंचायतीत महिलांना 50 टक्के आरक्षण 2011 पासून आहे, आणि नवरा कारभार हाकतो ही तक्रार सगळीकडं ऐकू येते. माझ्या एका गावात सरपंच बाईंचे पती बाराही महिने बाहेर. सासरे थकलेले. त्यामुळं सही त्यांचीच आणि निर्णयही त्यांचाच. पाणी योजनेच्या ठेकेदाराला त्या स्वतः चरात उभं राहून पाइप मोजायला लावताना मी पाहिलं. दुसऱ्या गावात पती बाहेर असूनही दीर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दोघं मिळून कारभार बघत होते. तिथं ठराव आधी ग्रुपवर ठरायचा, मग वहीत उतरायचा. नवरा लांब आहे एवढ्यानं बाईच्या हातात सत्ता येत नाही. घरात दुसरा पुरुष आहे का आणि तिला स्वतःचं शिक्षण किती, यावर बरंच ठरतं.

मार्च 2020 मध्ये माझं क्षेत्रकार्य बंद पडलं आणि विषय मात्र समोर येऊन उभा राहिला. टाळेबंदीत परराज्यांतून माणसं गावाकडं निघाली. गावांनी रस्ते अडवले, चर खोदले, झाडं आडवी टाकली. आलेल्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं. मी घरून फोनवर मुलाखती घेत होते. मदुराईहून आलेला एक तरुण म्हणाला, "वेशीची कमान आमच्या पैशातनं झाली, आन् आमालाच वेशीवर थांबवलं." त्याच गावातल्या शाळेशेजारी राहणाऱ्या बाईचं म्हणणं होतं, "आमी काय करायचं? घरात म्हातारं हाय, दवाखाना विट्याला." दोघांचंही मला पटत होतं, आजही पटतं. गावचा कोण हे एरवी यात्रेच्या मानपानात झाकलेलं राहतं. त्या महिन्यांत ते उघड बोललं गेलं, काही घरांत अजून त्याची कटुता आहे. ते प्रकरण मी किती वेळा लिहून खोडलं असेल. कुणाचंही वाक्य वापरून दुसऱ्याला दोषी ठरवायचं नाही, एवढं एकच पथ्य पाळलं.

18 डिसेंबर 2022 ला ग्रामपंचायतींचं मतदान झालं. सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत 2017 साली आली, 2020 साली गेली आणि 2022 साली परत आली होती, त्यामुळं ईर्षा मोठी. आदल्या रात्री लांबच्या पासिंगच्या गाड्या गावात शिरल्या. चार-चार वर्षं न पाहिलेली नावं मतदान केंद्रावर रांगेत उभी होती, आणि मी यादीवर खुणा करत होते. गाड्या कुणी ठरवल्या हे मला अनेकांनी सांगितलं. प्रबंधात ते नाही. ते लिहिलं असतं तर प्रकरण चटकदार झालं असतं आणि ज्यांनी विश्वासानं दारात घेतलं त्यांच्यावर बालंट आलं असतं.

प्रबंध मराठीत लिहिला. इंग्रजीत लिही, पुढं उपयोग होईल, असं सांगणारे हितचिंतक खूप भेटले. पण मुलाखती माणदेशी बोलीत, प्रोसिडिंग बुकं मराठीत, आणि वाचावं असं ज्यांना वाटतं ती माणसं विट्यात. इतिहासाच्या प्रकरणात एक गुंता सोडवावा लागला. खानापूर तालुका 1885 च्या सातारा गॅझेटिअरमध्ये सापडतो, आटपाडी औंध संस्थानात होती. 1939 साली गावपंचायतींच्या पायावर कारभार सोपवणारी घटना केलेलं संस्थान ते हेच. 1 ऑगस्ट 1949 ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 21 नोव्हेंबर 1960 ला त्याचं नाव सांगली. म्हणजे शेजारशेजारच्या दोन गावांचे जुने कागद दोन वेगळ्या दप्तरांत. यावर काम करणाऱ्यानं हे आधीच ध्यानात घ्यावं, बराच वेळ वाचेल.

प्रबंधाचा मजकूर इतरांच्या लिखाणाशी किती जुळतो ते बघणाऱ्या साम्य तपासणीत आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. कायद्याची कलमं जशीच्या तशी दिली की आकडा फुगतो, म्हणून ती अवतरणात आणि तळटीपेत नीट ठेवावी लागली. प्रबंध गेल्यावर परीक्षकांच्या अहवालाची वाट बघणं हा सगळ्यात लांब काळ. त्या काळात तासिकेचं मानधनही रखडलेलं होतं, आणि घरचे पाठीशी नसते तर मी तिथंच थांबले असते. हे मी मुद्दाम लिहितेय. आमच्या भागात सामाजिक शास्त्रांत पीएच.डी. करणारी बहुतेक मुलं-मुली शिष्यवृत्तीविना, कुठंतरी तासिकेवर शिकवत हे करतात. त्यांच्या क्षेत्रकार्याचा खर्च म्हणजे एसटीचं तिकीट आणि झेरॉक्स, पण तोही महिन्याच्या शेवटी जड जातो. विद्यापीठांनी दर संशोधकाला क्षेत्रकार्यापुरती लहानशी रक्कम दिली तरी प्रबंधांचा दर्जा बदलेल, याची मला खात्री आहे.

मौखिक परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. माझ्या परीक्षेला विट्याहून सरपंच बाई आल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं. आता गलाईवाले परत येतील का?" मी माझ्याजवळ होतं ते सांगितलं. पाणी आलेल्या शिवारात डाळिंब-द्राक्षं उभी राहिली, काही जण परतले, पण परतणारे वडील पिढीचे. मुलांची शाळा तमिळमध्ये किंवा इंग्रजीत झालेली, त्यांचे मित्र तिकडचे. तेवढ्यात सरपंच बाईंनी बोलायची परवानगी मागितली आणि म्हणाल्या, "शेत बघायला कुणीतरी येतंय, पण शाळेचा पट वाढंना." अध्यक्षांनी ते टिपून घेतलं.

पटाचा तो धागा माझ्या प्रबंधात नाही. गावच्या शाळेतली जनरल रजिस्टरं, दाखला काढून नेल्याच्या तारखा आणि पुढं कुठल्या शहरातल्या शाळेत नाव घातलं याच्या नोंदी, एवढं सगळं अजून कपाटात पडून आहे. दोन्ही शाळांचे मुख्याध्यापक दाखवायला तयार आहेत. परगावी वाढलेली ही मुलं अठराची झाली की नाव कुठल्या यादीत घालतात, हे पुढच्या कुणीतरी शोधायला हवं. माझ्या तासाला तो प्रश्न विचारणारी मुलगी आता समाजशास्त्रात एम. ए. करते. तिला मी रजिस्टरांचा विषय सुचवलाय.